एकच्या आत भाकरी

किस्से काय कोणी ठरवून जमा करत न्हाई. शर्टावर तर्रीचे डाग पडतेत ना, तसे ते पडत जातेत. एक धुवावा तर दुसऱ्या दिवशी दुसरा. माझ्या शर्टावर तर लईच हायेत, कारण मी नांदेडात ऑफिसची गाडी चालवतो आन् दुपारी बाहेर जेवतो. चार लोकं बसली की म्हणतेत, दत्ता, ते अनलिमिटेडवालं सांग. मग सांगावंच लागतं.

आधी माणसं सांगतो, तीनच हाव आम्ही. मी दत्ता, मुदखेडकडचा. शाळा सातवी, ती बी मास्तरासंगं भांडून सोडलेली. दुसरे गायकवाड बाबू. शिरूर अनंतपाळचे. सगळी नोकरी लातुरात काढली आन् रिटायरमेंट तोंडावर आल्यावर बदली झाली नांदेडला. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको तिकडंच. बाबू इथं एका खोलीत एकटे. तिसरे शेखभाई, शिपाई, अस्सल नांदेडचे. गल्लीगल्लीत वळख.

तर बाबूला शुगर. साधी न्हाई. गोळी घेतली की वेळेवर पोटात काही गेलंच पायजे. एक वाजला की माणूस घड्याळाकडं बघायला लागतो. त्याच्या पुढं गेलं की हात थरथरतो, सही वाकडी येती. आन् डॉक्टरनं सांगितलेलं, भात कमी, मैदा बंद, ज्वारीची भाकरी खावा. आमच्या ऑफिसच्या मागं एका मावशीची खानावळ होती, तिथं भाकरी भेटायची. रस्ता रुंद करायचं निघालं आन् खानावळ गेली. कॅन्टीनला नुसता चहा आन् समोसा. एकदा बाबूला जिन्यातच चक्कर आली, मी खांद्याला धरून खाली आणलं. त्या दिवशी मी म्हणलं, बाबू, एकच्या आत भाकरी, ही आता माझी जबाबदारी.

बाबू म्हणले, "जबाबदारी घे. पण मिठाचं नाव काढू नको."

त्याचं असं हाय, मी कुठंबी जेवाया बसलो की पहिल्या घासालाच बोलतो. मीठ कमी असलं तर कमी, जास्त असलं तर जास्त. पैसे देऊन जेवायचं आन् वर गप बसायचं, हे आमच्या घराण्यात न्हाई.

* * *

पहिल्यांदा गेलो अनलिमिटेड थाळीला. बोर्ड हा एवढा मोठा. भाव परवडणारा, आन् भाकरी हाय म्हणले. बसलो. एक भाकरी आली, एक वाटी भाजी आली, आन् वाढपी जो गेला तो गेलाच. हाक मारली तर "आलो" म्हणायचा आन् गल्ल्यापाशी मोबाईल बघत उभा. बाबूनं भाजीची वाटी बोटानं पुसून घेतली.

ते बघून माझं टाळकं सरकलं. उठलो, सरळ आत भटारखान्यात गेलो, भाजीची बादली उचलली, पळी घेतली आन् बाबूला वाढलं. शेजारचा म्हणला, इकडं बी टाका. टाकलं. मग पलीकडचा. एक म्हातारा म्हणला, "ओ, भात बघा जरा." त्याला भात आणून दिला. सगळं हॉटेल वाढून झालं तव्हा मालक पळत आला. कोण रे तू, म्हणला.

मी म्हणलं, "बोर्ड अनलिमिटेड हाय, वाढणारा लिमिटेड हाय. म्हणून आलो मदतीला. आन् भाजीत मीठ कमी हाय, ते बी बघून घ्या."

मालकानं तिघांनाबी सांगितलं, परत पायरी चढू नका. बाबू रस्त्यावर मला बोलून राहिले होते, तेवढ्यात मागून तो म्हातारा धापा टाकत आला. माझा हात धरून म्हणला, "उद्या कोणत्या हॉटेलात वाढताल?"

* * *

मग शेखभाई म्हणले, आता माझ्या मागं चला. जुन्या शहरात त्यांच्या वळखीचं हॉटेल. तिथं तहरी लई झकास भेटती, पण ती पडली भाताची. शेखभाईनं मालकाला बाजूला घेतलं. "इनको चावल नक्को भाई, शुगर है. जवार की रोटी होना."

हॉटेलात भाकरी नव्हती, पण मागंच मालकाचं घर. पडद्याच्या आडून त्याच्या अम्मीनं इचारलं, शुगर किसकू है? अम्मीला सोताला शुगर. तिच्यासाठी केलेल्या भाकरीतली एक तिनं बाबूला धाडली, संगं कारल्याची भाजी. शुगरवाल्यानं शुगरवाल्याची कदर केली.

बाबू गरीब माणूस. पडद्याकडं बघून म्हणले, कारलं लई झकास झालंय. तिथंच सगळं चुकलं. दुसऱ्या दिवशी कारलं. तिसऱ्या दिवशी भरलेलं कारलं. मग कारल्याची चटणी. आम्ही दोघं मजेत तहरी खायलोत आन् बाबू पडद्याकडं बघून मान हलवायलेत. शेवटी एक दिवस माझ्या कानाला लागून म्हणले, "दत्ता, ह्याच्यापरीस शुगर परवडली."

मी काय आडून बोलत न्हाई. मालकाला म्हणलं, अम्मीला सांगा, कारलं बास. पडदा हलला. म्हातारी म्हणली, "इत्ते दिन तारीफ करके खाए. अब कडवा लगा क्या?"

बाबू हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या कारलं खाल्लं. तव्हापासून त्या गल्लीतून जायची येळ आली की बाबू रुमालानं तोंड झाकतेत.

* * *

मधी थोडे दिवस गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. तिथं कोणाला कोणी इचारत न्हाई, कुठला हाव, काय करताव. बसा, जेवा. दाळ गरम, रोटी गरम. मिठाला मला बी बोलायला जागा न्हाई.

पण बाबूची एक खोड. जेवून झालं की भांडे घासायला बसायचे. मी म्हणायचो, बाबू, चला, साहेब वाट बघायलेत. बाबू म्हणायचे, फुकट खाऊन उठायचं व्हय? आपलं ताट घासायचे, माझं घासायचे, मग समोर जो ढीग असल तो. शर्टाच्या बाह्या ओल्याच्या ओल्या. जेवायला पंधरा मिनिटं आन् घासायला तास. साहेबांनी एक दिवस इचारलं, गायकवाड, तुम्ही जेवायला जाताव का पवायला?

* * *

बाबूंचं सारखं चालायचं, आमच्या लातूरला असं, आमच्या लातूरला तसं. तिथं एक हॉटेल होतं म्हणे. भाकरी तव्यावरून ताटात, पिठलं, ठेचा, कांदा बुक्कीनं फोडलेला, आन् पैसे नावाला. नोकरी लागल्यापासून बाबू तिथंच जेवले. एकदा साहेबांची मीटिंग लातूरला निघाली. बाबू फायली घेऊन संगं, शेखभाईबी आले. रस्ताभर बाबू त्या ठेच्याचंच बोलत होते. साहेब मीटिंगला बसले आन् आम्ही निघालो.

जाऊन बघतो तर हॉटेल न्हाई. मोबाईलचं दुकान. काचेत कव्हरं लटकवलेली. बाबू समोर उभे राहून त्या कव्हरांकडं बघायलेत, मागून भाकरी निघल म्हणून.

आत कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारा बसला होता. तोच जुना मालक. आता दुकान पोराचं, हा नुसता बसायला. त्यानं चष्मा वर केला आन् म्हणला, "बाबू, आज लई उशीर केलाव."

बस. मग त्यानं सोताचा डबा काढला. घरून आलेल्या भाकरी, दाळ, जवसाची चटणी. एका डब्यात चौघं जेवलो, काउंटरवर, कव्हरं बाजूला सारून. मी मिठाचं नाव काढलं न्हाई. तो पैसे घेईना. मग बाबूंनी निघताना एक कव्हर इकत घेतलं. त्या कव्हरात बसल असा मोबाईल बाबूंकडं न्हाईच. आजूनबी ते खिशातच असतं.

* * *

नांदेडात शेवटी आम्हाला एक भाकरी केंद्र सापडलं. एक बाई घरातच भाकरी करून इकायची. चूल बाहेर, टोपलं बाजूला. बसायला जागा न्हाई, भाजी न्हाई, नुसती भाकरी. ती घ्यायची, शेखभाई कुठून तर दाळ आन् ठेचा आणायचे, आन् आपल्या जीपमधी बसून जेवायचं. दाळीचा डबा बोनेटवर ठेवला की उन्हानं गरम ऱ्हायचा. साहेबांना जीपमधी ठेच्याचा वास आला, तेबी काही बोलले न्हाईत. उलट एक दिवस मागून आवाज आला, "आज ठेचा न्हाई का?"

बाबूचं वजन सुधारलं. मी म्हणलं, झालं आपलं काम.

मग तो दिवस आला. आम्ही रांगेत उभे. एक वाजत आलेला. टोपल्यात भाकरी होत्या. तेवढ्यात एक जण मोटारसायकलवरून आला, घरी पाव्हणे आलेत म्हणला आन् सगळ्या भाकरी पिशवीत भरायला लागला. मी त्याची पिशवी धरली. तो ओढायला लागला, मी बी ओढायला लागलो. बाईला म्हणलं, रांग कशाला असती मग? बाई पिठाच्या हातानं उठली. म्हणली, "भाकरी माझी, चूल माझी. भांडायचं आसल तर माझ्या दारात येऊ नका." आन् चुलीत पाणी ओतलं.

मी बरोबरच बोललो होतो. पण भाकरी गेली.

एक वाजून गेला. जीपकडं येता येता बाबूच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागला. शेखभाई म्हणले, पुढच्या गल्लीत मंडप हाय, लोकं जेवून राहिलेत, भंडारा आसल. मी बाबूला धरलं आन् आम्ही शिरलो मंडपात. कोणी काही इचारलं न्हाई. एक जण बादली घेऊन पुढं आला, बसा बसा म्हणला. पंगतीत बसलो. द्रोणात वरण, पत्रावळीवर भात, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. मी बाबूची बुंदी माझ्याकडं घेतली. बाबूनं वरण पिलं, दोन घास खाल्ले, तव्हा कुठं हात थांबला.

तव्हाच शेखभाईनं मला कोपर मारलं. कूलरच्या मागं टेबल होतं. टेबलावर एका माणसाचा फोटो, आमच्यातल्या कोणाच्याच वळखीचा न्हाई, फोटोला हार. तेराव्याचं जेवण होतं ते.

मी उठायला लागलो तर शेजारचे आजोबा म्हणले, पंगत उठायच्या आधी उठू नये, बसा. बसलो परत.

तेवढ्यात घरातला पोरगा वाढत वाढत आला. बाबूच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकलेलं. ते बघून थांबला. फोटोकडं हात करून म्हणला, तुम्ही अण्णांच्या ऑफिसातले का?

बाबूच्या तोंडात घास. त्यांनी त्या पोराच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणले, "हाव."

पोरगा बादली तिथंच ठेवून आत पळाला. आतून एक बाई आली. साठीची आसल. पदर सारखा करत आमच्या पत्रावळीसमोर खालीच बसली. म्हणली, ऑफिसातलं कोणीच आलं न्हाई इतक्या दिवसात. सगळे म्हणत होते, येत नसतेत कोणी. मीच म्हणत होते, येतील, कामात असतील.



ती म्हणली, रोज घरी आले की तुमचंच सांगायचे. दुपारी कुठं जेवले, काय झालं. हासत हासत सांगायचे. मग तिनं आमच्या तिघांकडं एक एक करून बघितलं.

"तुमच्यात एक जण भांडखोर हाय म्हणायचे. जिथं जाईल तिथं जेवणात खोट काढतो. कोण ते?"

शेखभाईनं नुसतं बोट केलं माझ्याकडं.

मी म्हणलं, "हाव वैनी. मीच."

ती माझ्याकडं वळली. म्हणली, "मग आज गप कसे?"

मी पत्रावळीकडं बघितलं. आईशप्पत सांगतो, तसं वरण मी नांदेडात कुठंच खाल्लं न्हाई. मी बाबूकडं बघितलं. बाबूनं मान हलवली, बोल.

मी म्हणलं, "वैनी, वरणात मीठ कमी हाय. असं आसतंय व्हय वरण?"

बाईनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडायली. मग आतल्या पोराला हाक मारली, "अरे बघ रे, हेच ते!" आन् हासत हासत, डोळे पुसत उठली, आत गेली, आन् सोताच्या मुठीत मीठ घेऊन आली.

मी ते सगळं मीठ वरणात कालवलं आन् द्रोणभर वरण पिऊन टाकलं.