जुरोंग ईस्टला नको म्हटलेली ॲम्ब्युलन्स

सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा वहिनींनी आधी सामान बांधलं नाही, आधी बातमी वाटली. भाजीवालीला, इस्त्रीवाल्याला, विहारातल्या सगळ्या बायकांना. "सुमेधकडे चालली मी. यंदाची वैशाख पौर्णिमा तिकडंच करीन." नागपुरातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी बहुधा कुत्र्यामांजरांनाही ही खबर लागली असेल.

वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. मी पोस्टातून निवृत्त झालेला सडाफटिंग माणूस. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खात आलो आणि त्यांच्या तोंडचं ऐकत आलो. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोबतीला मीही निघालो. विमानात शेजारी एक तमिळ बाई होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी उतरेपर्यंत वहिनींना त्या बाईंच्या दोन्ही सुनांचे स्वभाव माहीत झाले होते. कसे, ते मला विचारू नका.

हे प्रवासवर्णन मला हसतखेळत लिहायचं होतं. शेवटपर्यंत तसं जमणार नाही, ते आधीच सांगून टाकतो.

पुतण्याचं, म्हणजे सुमेधचं, भाड्याचं घर चोआ चू कांग भागात आहे. एकसारख्या उंच सरकारी इमारती, मधून झाडं, आणि झाडांखाली पाचोळासुद्धा शिस्तीत पडलेला. वहिनींनी खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, इथं भांडण ऐकू येत नाही हो. लोकं राहतात का नाही?" सून प्रज्ञा संशोधक आहे, तिला हसू आवरेना. नात मैत्री मात्र तिथल्या इंग्रजीच्या ढंगात गंभीरपणे म्हणाली, "आजी, पीपल फाइट इनसाइड लाह."

दुसऱ्या दिवशी सगळे हॉकर सेंटरला (एका मोठ्या छपराखाली मांडलेली खाण्याची दुकानं) गेलो. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. कोणाचं तरी राहिलं, म्हणून वहिनी ते हातात घेऊन टेबलाटेबलावर मालक शोधत फिरल्या. प्रज्ञा धावत गेली. तिथे टेबल राखून ठेवायचं म्हणजे असं पाकीट ठेवायचं, हे आम्हांला कोण सांगणार! ज्याचं टेबल होतं तो चिनी गृहस्थ परत आला तेव्हा वहिनींनी त्याला हात जोडले, त्यानेही जोडले, आणि शेवटी आम्ही सगळे एकाच टेबलाशी बसलो. मी फळ्यावर वाचून 'कॅरट केक' मागवला. त्यात ना गाजर, ना केक. मुळ्याच्या वड्या अंडं घालून परतलेल्या. "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या ताटलीतला अर्धा स्वतः खाल्ला.

संध्याकाळी इमारतीखालच्या व्हॉइड डेकवर (खांबांचा मोकळा तळमजला) आमच्यासारखे आईबाप जमत. मुलांकडे पाहुणे आलेले, दिवसभर घर राखून कंटाळलेले. त्यांत ठाण्याचे प्रधान म्हणून एक होते, खेपा करून मुरलेले. कुठली भाजी कुठे स्वस्त, कुठल्या दुकानात जिरं मिळतं, सगळं त्यांना विचारावं. त्यांनीच एकदा विषय काढला.

"इथे वाटेल ते करा, आजारी तेवढं पडू नका. इथल्या लोकांना सगळं स्वस्त, आपण पडलो व्हिजिटर. आमच्या हिचा पाय मोडला, तेव्हा ॲम्ब्युलन्स मागवली. बिल बघून माझाही मोडायचा राहिला होता."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "मले काही झालं तर ते गाडीबिडी बोलावू नका, भाऊजी. पोराले खर्चात नाही पाडायचं."

"तुम्हांला काय होतंय? तुम्ही आम्हांला पोचवून मग जाल," मी म्हणालो. ही आमची नेहमीची थट्टा.

सुमेधला एका शब्दाने विचारलं असतं तर खरं काय ते कळलं असतं. पण मुलाला खर्चाचं विचारायचं नाही, हा आमच्या पिढीचा अलिखित नियम. विचारलं तर तो "काळजी करू नका" म्हणणार, म्हणजे नक्कीच खूप पडत असणार, असं आम्ही धरूनच चालतो. मुलं काही सांगत नाहीत अशी तक्रार करतो, आणि आपण विचारत नाही.

वैशाख पौर्णिमेला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. प्रज्ञा आणि मैत्री विहारात मदत करायला सकाळीच गेल्या होत्या. सुमेध आम्हांला घेऊन जाणार होता, पण ऐनवेळी तांजोंग पगारच्या ऑफिसातून फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं, आणि ते चालू करणारा हाच. "काका, तुम्ही दोघं एमआरटीने निघा. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची. मी परस्पर येतो."

वहिनींनी पांढरीशुभ्र साडी नेसली होती. मेट्रोच्या गाडीत शेजारच्या बाईला त्या बुद्धाबद्दल मराठीतून सांगत होत्या, आणि ती बाई मान डोलवत होती. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वहिनींना असं प्रसन्न मी भाऊ गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

जुरोंग ईस्टला उतरलो. फलाट उघडा, हवा दमट. चार पावलं चाललो तर वहिनींच्या उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. त्यांना कळलंच नाही. मी चप्पल आणून दिली, ती त्यांना घालता येईना. बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, तर पाणी ओठांच्या कोपऱ्यातून साडीवर सांडलं. "ऊन लागलं," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते.

तेवढ्यात स्टेशनवरची गणवेशातली मुलगी आली. तिने वाकून वहिनींचा चेहरा पाहिला. "अंकल, आंटी नॉट ओके लेह. आय कॉल ॲम्ब्युलन्स, कॅन?"

ॲम्ब्युलन्स हा शब्द वहिनींना कळला. त्यांनी डाव्या हाताने माझी बाही पकडली. "नको. भाऊजी, नको."

मी त्या मुलीला म्हणालो, "नो, नो. ओन्ली हीट. वी गो होम."

"शुअर आ, अंकल?" तिने पुन्हा विचारलं. मी हसून मान हलवली. तिने चाकाची खुर्ची आणली, खाली टॅक्सीत बसवून दिलं, आणि दार लावतानाही तिची नजर वहिनींवरच होती.

मी प्रज्ञाला फोन केला की वहिनींना ऊन लागलंय, आम्ही घरी जातो, तुम्ही सावकाश या. सुमेधला मुद्दाम कळवलं नाही, पोरगा कामात होता. घरी लिंबू-साखर-मिठाचं पाणी केलं, चमच्याने पाजलं, तळपायांना कांदा चोळला. नागपूरच्या उन्हाळ्यात आयुष्य काढलेला माणूस मी, ऊन लागणं मला ओळखता येतं असा माझा समज. वहिनींना झोप लागली. चला, उतार पडला, म्हणून मी पंखा हळू केला आणि चहा करून प्यायलो. त्या चहाची आठवण मला आजही सहन होत नाही.

उन्हं कलली तेव्हा, प्रज्ञाकडून कळल्यावर, सुमेध ऑफिसातून थेट घरी आला. "आई" म्हणून त्याने हाक मारली. वहिनींनी डोळे उघडले, ओठ हलवले, शब्द आला नाही. उजवा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा पडलेला. सुमेधने मला काही विचारलं नाही, थेट फोन लावला. तिकडून विचारत होते, तो पत्ता सांगत होता, आणि बोलणं संपतं न संपतं तोच खाली गाडी आली.

गाडीतल्या माणसाने विचारलं, हे कधी सुरू झालं. मी म्हणालो, सकाळी. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या कामाला लागला. मला राहवलं नाही. इतकं झाल्यावरही मी विचारलं, याचे किती होतील?

"इमर्जन्सी, अंकल. नो चार्ज."

"बट शी इज व्हिजिटर."

"व्हिजिटर ऑल्सो कॅन गेट स्ट्रोक, वॉट." तो वहिनींच्या तोंडावरचा प्राणवायूचा मास्क नीट करत होता.

डॉक्टरीणबाई फार सौम्यपणे बोलल्या. मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचं औषध असतं, ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. ती वेळ टळली होती. लवकर आणलं असतं तर पूर्ण बऱ्या झाल्या असत्या का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, खात्री नाही देता येत, पण संधी मिळाली असती. त्यांनी सरळ "हो" म्हटलं असतं, तर मला कदाचित रडता आलं असतं.

पुढचे दिवस हॉस्पिटलच्या बाकावर गेले. तिथेच एका दुपारी सुमेधने मला सगळं उलगडून सांगितलं. "काका, जीवावरचं संकट असलं की सरकारी ॲम्ब्युलन्सचे पैसे कोणाकडूनच घेत नाहीत. इथला नागरिक असो, माझ्यासारखा कामाच्या परवान्यावर राहणारा असो, नाहीतर पाहुणा असो. किरकोळ दुखण्याला बोलावली तर मात्र बिल लावतात. खासगी गाडी मागवली तर तिचं भाडं आपलं. फरक पडतो तो हॉस्पिटलच्या बिलात. नागरिकांना सवलत आणि सरकारी विमा, मला कंपनीचा विमा. आणि तुमच्या दोघांचा प्रवासाचा विमा मी तिकिटाबरोबरच काढला होता."

"सांगितलं नाहीस कधी," मी म्हणालो.

"तुम्हांला वाटलं असतं, पोरगं उगाच पैसे घालवतंय," तो म्हणाला. त्यानेही आमचाच नियम पाळला होता.

प्रधान भेटायला आले. त्यांनी मागवलेली गाडी खासगी होती, बायकोला प्लास्टर घातल्यावर घरी आणायला. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना चहा पाजला. त्या माणसाने काय केलं होतं? ऐकीव गोष्ट सांगितली नव्हती, स्वतःचीच सांगितली होती. अर्धी आम्ही आमच्या मनाने पुरी केली.

सिंगापूर सोडलं तेव्हा आकाश स्वच्छ होतं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या वहिनींना विमानापर्यंत न्यायला माणूस आला होता, अगदी आपुलकीने वागला. सुमेध ठरलेल्या दारापर्यंतच येऊ शकला. तिथे तो वाकून आईच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. परतीच्या विमानात वहिनींच्या शेजारी एक पंजाबी बाई होत्या, बोलक्या. त्यांनी दोनतीनदा काही विचारलं, मग मी खुणेने सांगितलं, तेव्हा त्या गप्प झाल्या.

आता नागपुरात आहोत. गल्लीतली माणसं येऊन बसतात, सिंगापूर कसं आहे विचारतात. कोणी मुलाकडे परदेशी निघालेलं असलं की मी त्यांना सांगतो, विमा काढलाय का आणि गाडी बोलवायची कशी, हे मुलाला निघण्याआधी तोंडावर विचारा. लाजू नका. काही ऐकतात, काही "हो, हो" म्हणून चिवडा खातात. वहिनी ऐकत असतात. त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही.

रोज रात्री सुमेधचा व्हिडिओ कॉल येतो. "आई, जेवलीस? औषध घेतलंस? पाय दुखतोय का?" जेवल्या, घेतलं, थोडा दुखतो, असं मी सांगतो. वहिनींच्या वतीने बोलायचं काम आता कायमचं माझ्याकडे आलं आहे. मी सगळं अगदी बरोबर सांगतो, त्यांच्या डोळ्यांकडे पाहून, विचारून. सुमेध माझं उत्तर नीट ऐकून घेतो. आणि ऐकून झाल्यावरही थोडा वेळ तसाच आईच्या तोंडाकडे बघत थांबतो.