केटोनचा उपवास

अर्धशिशी मला महिन्यातून दोनदा आडवी करते. डावी बाजू ठणकते, उजेड सोसत नाही, शेजारच्या कुकरची शिट्टीही कवटीत वाजते. लेकीचा साखरपुडा दोन आठवड्यांवर आला तेव्हा मला एवढंच हवं होतं, त्या दिवशी तिच्याजवळ असावं, अंधाऱ्या खोलीत नाही.

नेमक्या त्याच वेळी आमच्या चंदनसारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला केटोनच्या पावडरीचा डबा विकला. तीन महिने जिमला जाऊन ते वैद्य झाले होते. मेंदूला साखरेऐवजी दुसरं इंधन मिळतं, जसं रिक्षाला पेट्रोलऐवजी गॅस, असं त्यांनी जिन्यातच समजावलं. यांना मेंदूतलं काय कळतं, हे मी विचारायला हवं होतं. पण डोकं दुखणारा माणूस डोकं सोडून सगळं वापरतो.

पावडरीला रॉकेलची चव. अट एकच, भात-पोळी बंद, गोड बंद. भात-पोळी बंद म्हणजे उपवास, आणि उपवासात माझा हात धरणारं कोणी नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी रताळी. पावडरीची चव जायला सांडोरहून वहिनीने पाठवलेली सुकेळी. वाळवलेली केळी, ती फळात मोडतात, गोडात नाही, असं मीच ठरवलं. नवव्या दिवशी पोट बिघडलं, दहाव्या दिवशी डोकं उठलं.

लेक मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी माझा कडक नेम सांगितला. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"साबुदाणा?"

"उपवासाचा," मी म्हणाले.

केटोनवर अभ्यास चालू आहेत, खात्रीचं अजून काही नाही, असं त्यांनी हसू आवरत सांगितलं. आणि मी जे करत होते त्याला तर पिष्टमय पदार्थांचा उत्सव म्हणतात. दुखायला लागताच घ्यायच्या गोळ्या दिल्या. गृहस्थांचं मत पडलं की माझं शरीरच तयार नव्हतं. पावडर बिचारी केव्हाची तयार होती.

साखरपुड्याला हॉलच्या दिव्यांत डोळ्यांपुढे नागमोडी रेघा नाचायला लागल्या. लगेच गोळी घेतली आणि खांबाला धरून उभी राहिले. होणाऱ्या विहीणबाईंनी माझा चेहरा पाहिला, मोठे दिवे आणि स्पीकर बंद करायला लावले, आणि स्वतः खुर्ची ओढून आणली.

"बसा ताई. मलाही होतं हे, माणसांत उभं राहवत नाही."

मी बसले. लेकीच्या बोटात अंगठी गेली ती अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिली, पण पाहिली.