पोटावरचे तीन ठिपके

लिहिलेलं चांगलं उतरलंय अशी माझी मीच समजूत करून घेतली आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं, इथेच चुकलो. तेही तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, सगळं घर ओट्यावर बसलेलं असताना. माहेरी आलेली माझी थोरली बहीणही त्यात होती, एवढी साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती.

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. मी शाळामास्तर. लग्न असो की तेरवी, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतं, "आता मास्तरले बोलू द्या." मी बोलतो. लोक हसतात. आपल्याला सगळं स्वच्छ आठवतं, अशी त्यातून माझी खात्री होत गेली.

त्या साली वाशीमच्या वाचनालयातून एका मोठ्या माणसाच्या आठवणींचं पुस्तक आणलं होतं. हा गृहस्थ स्वतःच्या लहानपणात विहिरीत वाकून पाहावं तसा पाहत होता. वाटलं, आपणही वाकून पाहावं. महायुद्धामुळे कोरा कागद मिळेना, म्हणून शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या रिकाम्या बाजू वापरायच्या ठरवून वही शिवली. एका अंगाला पोरांची चुकलेली गणितं, दुसऱ्या अंगाला माझं आयुष्य.

पहिलंच प्रकरण लाकडी बैलाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात, तोच तान्हा पोळा. माझे वडील कडक. त्यांनी मला जवळ घेतल्याची आठवण एकच, आणि ती ह्या बैलाची. मी लिहिलं होतं की मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी तीन दुपारी निंबाखाली बसून बाभळीचा बैल तासला. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलो होतो. ढलप्या उडून माझ्या केसांत अडकत होत्या. शेवटी तापल्या खिळ्याने त्यांनी बैलाच्या पोटावर तीन ठिपके दिले, माझी खूण म्हणून. वाचताना इथे माझा आवाज जरा भरून आला, आणि भरून आला हे मला आवडलंही.

बहीण वाती वळत होती. हात थांबले.

"थांब रे. तो बैल तुया नाई."

"मंग कोनाचा?"

"माया. मले बैल पायजे म्हनून रडून रडून डोये सुजवले होते मी. मंग बाबांनं मले जवय बसवून करून देल्ला. अन् तान्ह्या पोयाच्या दिवशी आई म्हने, पोरीनं बैल घेऊन दारोदार हिंडू नये. मंग तुया हाती देल्ला. मिरवला तू, अन् गूळ-खोबरंबी तूच खाल्लं."

सगळे हसले. मीही हसलो, कारण गोष्टी सांगणाऱ्याला हसावंच लागतं.

"पन अक्का, मले पक्कं आठवते. ढलप्या केसात अडकून राह्यल्या होत्या."

"केसात?" ती म्हणाली. "त्या साली तुले खरूज झाली होती. डोकं चकोट केलं होतं तुयं. केस कोठून आनले रे?"

बायकोने मधेच उठून कोनाड्यातला बैल आणला. एक शिंग मोडलेलं, पण पोटावरचे ठिपके शाबूत. बहिणीने मनगट उलटं करून त्याच्या शेजारी धरलं. गोंदणाचे तीन ठिपके, तसेच तिरपे.

"त्याच्या आधल्या आठवड्यात गोंदनारीन येऊन गेली होती. मी बाबाले म्हटलं, बैलालेबी गोंदा."

पुढचं मी वाचलं नाही.

नंतर वही घेऊन बसलो, पण काही केल्या उमगेना. माझ्या नसलेल्या केसांत ढलप्या आल्या कशा? कधीतरी तापात पडलो असताना बहिणीनेच ही गोष्ट सांगितली असेल, आणि तिला उठवून त्या गुडघ्यापाशी मी जाऊन बसलो असेन. ती सासरी गेली, मी तीस वर्षं सांगत राहिलो, टोकायला कुणी उरलं नाही. मग बाकीच्या आठवणींकडेही मी संशयाने पाहू लागलो. ओढ्यात वाहून जाता जाता वाचलो, तो मीच का? खात्रीची एखादी तरी असावी म्हणून बायकोला विचारलं, "आपल्या लग्नात पाऊस पडला होता ना?"

"तो तुमच्या भावाच्या लग्नात," ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

'मी' खोडून 'ती' लिहून पाहिलं. वाक्यं ठीक दिसत होती, पण निंबाखाली आता वडील होते आणि एक मुलगी होती. मी कुठे बसू? वडिलांचं माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच होतं, आणि तेही दुसऱ्याचं निघालं. रागावावं तर कुणावर? ती खरंच बोलली होती. आणि खरं सांगायचं तर त्या ढलप्या मला अजूनही टोचतात.

चौथ्या दिवशी तिची बैलगाडी मानोऱ्याकडे, तिच्या सासरी निघाली. मी बैल उपरण्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला. तिने उपरणं सोडून पोटावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि बैल मला परत दिला.

"ठेव. तिकडं कोन ओयखते त्याले?"

मग गाडीतून माझ्याकडे पाहत राहिली. मी रस्त्यावरच्या चिखलाबद्दल बोललो, गाडीचा एक बैल जरा लंगडतोय म्हणालो. गाडीवाल्याने कासरा ओढला.

गाडी वळणाआड गेली तरी मी बैल हातात धरून उभाच. बायको दारातून म्हणाली, "बैल द्याचं बरं सुचलं तुमाले. पन तीन दुपारा बाबा अक्कासंगं काय बोलत होते, हे इचारलं काय? त्या चार दिवस वाट पाहून राह्यल्या होत्या."