डाव्या बाजूचा आवाज

“शेपटी ऐकलीस काय गो बाय?”

घरी कुणीही आलं की पाणी विचारायच्या आधी काका हा प्रश्न विचारत. शेपटी झांजेची. देवरूखकडच्या त्यांच्या गावातलं भजन त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं होतं. त्यात एका जागी पखवाज थांबतो आणि झांज एकदाच वाजते. तिचा आवाज विरत विरत लांब जातो, त्या विरण्याला ते शेपटी म्हणत. आलेल्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. ऐकू आली म्हटलं की पुढचा प्रश्न, “कुठपर्यंत?” आता याला काय उत्तर देणार? मी एकदा म्हटलं, “मिरजोळ्यापर्यंत.” इतके हसले की ठसका लागला.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही एकत्र होतो. मी स्टोअरमध्ये, ते विजेच्या देखभालीला. त्याआधी त्यांची उमेदीची वर्षं बोटीवर, इंजिनरूमच्या धडधडाटात गेली होती. घर आमच्याच आळीत, त्यामुळे रविवारी सकाळी माझी एक फेरी व्हायचीच.

त्या घरात एक डबा होता. “मोबाईलमध्ये गाणं नसतं गो, नुसते आकडे असतात,” ते सांगत. “आकड्यांचा परत सूर करायचा तर मध्ये कुणीतरी लागतो. तो हा.” जाणकार त्याला डॅक म्हणतात. तो तयार विकत मिळतो, पण यांनी स्वतः बांधलेला. सर्किट कुरिअरनं मागवलं, ट्रान्सफॉर्मर एका भंगारातल्या यंत्राचा काढला आणि पेटी घरच्या फणसाच्या लाकडाची केली. पहिल्यांदा लावला तेव्हा गाण्याच्या मागे माशी अडकल्यासारखी घूं ऐकू यायची. घराचं अर्थिंग नीट नाही, असं त्यांचं निदान. मग माडाच्या मुळाशी जांभा फोडून खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. चार दिवस आळीत बोलवा झाली की यांना कसला तरी हंडा सापडलाय. कुणी विचारलं की ते गंभीरपणे म्हणत, “सापडला. पण कुणाला सांगू नकोस.” घूं मात्र गेली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या हातातली वस्तू कधी पुरीच होत नाही. आज कपॅसिटर बदल, उद्या वीजपुरवठ्याचा भाग वेगळा काढ, परवा सगळं पुन्हा पहिल्यासारखं कर. त्यांच्या माजघरात उदबत्तीपेक्षा राळेचा आणि तापल्या कथलाचा वास जास्त. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, “पोळ्या लाटायला जागा ठेवा तेवढी.”

कारखान्यात त्यांचा एक मंत्र होता. “आधी अदलाबदल कर.” काहीही बिघडलं की डाव्या बाजूची वायर उजवीकडे लावायची, उजवीची डावीकडे. दोष वायरीबरोबर हलला तर वायरीत. जागचा हलला नाही तर पुढे शोधायचं. नव्या कामगारांना ते हे इतक्यांदा ऐकवत, की ते दिसले की पोरं टोप्यांची अदलाबदल करत.

मग एका पावसाळ्यानंतर त्यांनी सुरू केलं, “डावी बाजू मरतेय.”

डब्याची डावी बाजू. तिकडून आवाज दबका येतो, झांज तर जवळजवळ नाहीच, असं त्यांचं म्हणणं. खाऱ्या हवेनं जोड खाल्ले असणार. त्यांनी डाव्या बाजूचे कथलाचे सगळे डाग काढून नव्यानं दिले. कपॅसिटर बदलले. फरक पडेना. आवाज बाहेर काढणारा सगळा भागच नवा बसवला. मला हेडफोन लावायला दिला. मी म्हटलं, “काका, मला दोन्हीकडे सारखंच येतंय.”

“तुला सवय नाय,” ते म्हणाले. पूर्वी असं तोडून बोलत नसत.

त्या दिवसांत टेबलावर तो डबा साफ केलेल्या मासळीसारखा उघडा पडलेला असायचा. ते त्याच्यावर वाकलेले. चिडचिड वाढली होती. उठताना भिंतीचा आधार घेत, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कारखान्यात मी एकदा त्यांच्या डावीकडून दोनदा हाक मारली, ते तसेच पुढे चालत गेले.

एका रविवारी मी गेले तर काकू गरे काढत बसल्या होत्या आणि ते पुन्हा पेचकस घेऊन डब्याशी. काकूंनी तेलाचे हात पुसले आणि त्या उठल्या.

“गाणं लावा.”

“खोललाय तो.”

“मग मिटा आणि लावा.”

 त्यांनी डबा बंद केला, भजन लावलं, हेडफोन घातला. काकू त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी तो हेडफोन दोन्ही हातांनी उचलला, फिरवला आणि उलटा करून परत त्यांच्या कानांवर ठेवला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. काकांचा हात अडवायला वर आला आणि तसाच खाली गेला.

भजन संपलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, “दोष हलला नाय.”

काकू म्हणाल्या, “उजव्या कुशीवर झोपलात की माझी हाक तुम्हाला ऐकू येत नाही. कधीपासून.”

“मग सांगितलं नाहीस ते?”

“तुम्हाला माहीत होतं.”

 “डब्यात असता तर मी काढला असता गो,” ते म्हणाले.

मुंबईला नेलं. कानाच्या नसेवर मेंदूला लागून गाठ निघाली. वाईट जातीची नव्हती, पण मोठी झाली होती. काढली नाही तर जिवावर, काढली तर तो कान जाणार. काढली. परत आले तेव्हा डावा कान पूर्ण गेला होता, चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती, तो डोळा मिटत नव्हता. चालताना बोटीवरच्यासारखे झोकांड्या खात. उजवा कान शाबूत म्हणायचा, पण इंजिनरूमनं त्यातलंही बरंच नेलेलं. नोकरी सुटली. मी भेटायला गेले की ते तोंडावर रुमाल धरून बोलत.

डब्यावर धूळ बसली. पण एका सकाळी गेले तर राळेचा वास. त्यांनी डबा उघडला होता. हात कापत होता, म्हणून काकू पकडीनं वायर धरून बसल्या होत्या आणि ते डाग देत होते. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू जोडून त्यांनी एक केल्या, सगळं उजव्या कानाकडे येईल असं.

“कसं येतंय?” मी मोठ्यानं विचारलं.

“सगळे एका खिडकीतून ओरडल्यासारखे,” ते म्हणाले. “पण येतायत.”

पुढच्या पावसात ते मागच्या अंगणात पंप बंद करायला गेले. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. काकू न्हाणीघरात होत्या. काकांना जाताना बघून त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, थांबा, मी येते. ते थांबले नाहीत. पाय सरकला तो डोकं चिऱ्यावर. दवाखान्यात ते परत शुद्धीवर आलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एवढंच सांगत होत्या, “मी डावीकडून हाक मारली हो. मला कळायला नको?”

दिवसकार्य झाल्यावर मी एकदा दुपारची गेले. मुलगा मुंबईला परतला होता, घरात त्या एकट्याच. मी खुर्चीत बसले होते. माझ्या डाव्या हाताला दुसरी खुर्ची रिकामी होती, दाराजवळच. काकू आत आल्या. ती खुर्ची त्यांनी उचलली, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आणून ठेवली, बसल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “चहा ठेवू?”

मीही मोठ्यानं म्हटलं, “ठेवा.”