रडायला शिकवणारी याडी

माणसाला जन्मतःच रडता येतं, ही गोष्ट आमच्या याडीला अजिबात मान्य नाही. तिच्या मते आपण सगळे नुसते मुसमुसतो. रडणं वेगळं. ते शिकावं लागतं, आणि जवळा बाजारच्या आसपासच्या तांड्यांवर ते शिकवणारी ती एकटीच. याडी म्हणजे आई. ती माझी नात्याची कोणी नाही. मी बाजारातला फोटोवाला आणि ती तांड्यावरची बंजारा बाई. पण तांडा तिला याडी म्हणतो म्हणून बाजारही म्हणतो, आणि तांड्यावरच्या लग्नांत जन्मभर तिच्याशी भांडत आलो म्हणून मीही म्हणतो.

बंजाऱ्यांत सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्याला ढावलो म्हणतात. बापासाठीचा वेगळा, भावासाठीचा वेगळा, मैत्रिणीसाठीचा वेगळा. लग्न ठरलं की मुलगी दुपारची याडीच्या अंगणात येऊन बसायची. शिकताना डोळ्यांत पाणी आणायला सक्त मनाई. पाणी आलं की शब्द वाहून जातात, असं तिचं म्हणणं. एखादीने नाक ओढलं की याडी शिकवणं थांबवून म्हणायची, "हे रडणं न्हाई, सर्दी हाय. घरी जा, काढा पी, उद्या ये." एक पोरगी मनासारखा नवरा मिळाल्याने इतकी खूश होती की तोंड उघडलं की हसू फुटायचं. आई कपाळावर हात मारून घेत होती. याडी शांतपणे म्हणाली, "माणसं राहू दे. बकरीपासून सुरू कर." पोरीने हसत हसत बकरीचा ढावलो धरला, दोन ओळींत तिचं हसू थांबलं, आणि लग्नाच्या दिवशी ती बापाच्या आधी बकरीच्याच गळ्यात पडली. बकरीसकट सगळे रडले.

कुणाचंही रडणं तिला ऐकल्याशिवाय राहवत नाही. एकदा वसमतच्या एसटीत एक लेकरू भोकाड पसरून बसलं होतं. सगळी गाडी वैतागलेली, याडी मात्र डोळे मिटून मान हलवत होती. बिचाऱ्या आईने ओशाळून पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, तर याडीने तिचा हात धरला. "थांब ना माय. कसं छान चढून राहिलं." रडण्यात घाई तर तिला खपतच नाही. एका लग्नात वऱ्हाडाचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढीना. नवरदेवाचा मामा हात जोडून म्हणाला, "याडी, उरलेलं रस्त्यात रडंल ती."

"रस्त्यात कुणाच्या गळ्यात पडंल?" याडी म्हणाली. "ड्रायव्हरच्या?"

टेम्पो थांबला. मामा सावलीला जाऊन बसला.

माझ्याशी तिचं भांडण कॅमेऱ्यावरून. व्हिडिओ शूटिंगचा धंदा मी नवाच सुरू केला होता. नवरी ऐन रंगात आली की मी दिवा पाजळून म्हणायचो, "ताई, जरा इकडं बघा." मग याडी आपली आरशांची ओढणी पसरून मध्येच उभी राहायची. माझाच उजेड त्या आरशांवरून माझ्याच भिंगात शिरायचा आणि कॅसेटमध्ये नवरीच्या जागी नुसता लखलखाट उतरायचा. "काहून बोलावून राहिला तिला?" ती विचारायची. "तुझ्या गळ्यात पडायचंय का तिनं?"

बाजारात आम्ही तिला रडकी मास्तरीण म्हणायचो आणि हसायचो. मला मात्र आत कुठेतरी कुतूहल होतं, की ही बाई रडण्यात एवढं काय ऐकते. ते मी कधी विचारलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. अलीकडे तांड्यावरची शिकलेली पोरं ढावलो गोळा करायला लागली, कारण आता लग्नात डीजे असतो आणि अंगणात शिकायला कोणी येत नाही. पोरं माझ्याकडे जुन्या लग्नांच्या कॅसेटी मागायला आली. मी सांगितलं, बुरशी लागून सगळ्या गेल्या. तांड्यावर अजून तेच सांगतात. बुरशी लागली नव्हती. सगळी लग्नं मी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली आहेत, चित्र अगदी स्वच्छ आहे. फक्त त्यात एकही ढावलो नाही. मिक्सिंग करताना मी मूळ आवाज काढून टाकायचो आणि वर सिनेमातलं बिदाईचं गाणं चढवायचो. गिऱ्हाइकाला तेच आवडेल असं मला वाटायचं. गिऱ्हाइकाला मी विचारलं नव्हतं. मूळ टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो.

मागच्या उन्हाळ्यात याडी एकटीच ऑटो करून माझ्या घरी आली. पोरांना तिने सगळे ढावलो म्हणून दिले होते, आईसाठीचा सोडून. तो ती कुणालाच शिकवत नाही. तो ज्या त्या पोरीने आपला आपण बांधायचा असतो. तिची स्वतःची मुलगी लग्नानंतर काही वर्षांनी आजारपणात गेली. तिच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं.

"माझ्या पोरीनं मला काय म्हटलं व्हतं, ते मला ठाऊक न्हाई," याडी म्हणाली. "त्या दिशी मीच रडून राहिले व्हते. ऐकलंच न्हाई. बुरशीचं मला सांगू नको. तुझ्याकडं आसंल."

मी टीव्ही लावला. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि सिनेमातलं गाणं सुरू झालं. याडी थोडा वेळ थांबली. हे गाणं संपून पुढे पोरीचा आवाज येईल असं तिला वाटलं असावं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

"ते गाणं बंद कर," एवढंच ती म्हणाली.

मी आवाज बंद केला. ती खुर्ची सोडून टीव्हीपुढे जमिनीवर बसली आणि पोरीच्या तोंडाकडे, खांद्यांकडे बघत राहिली. "पुन्हा लाव," म्हणाली. मी लावलं. पुन्हा लावलं. एके ठिकाणी तिने काचेवर बोट ठेवलं.

"हितं याडी म्हटलं तिनं. आन् हे बघ, हितपासून हितवर श्वास घेतला न्हाई. येवढी लांब ओळ मी बी कधी बांधली न्हाई."

"काय म्हणत असेल, याडी?"

"कळंना." तिने ओढणीने काच पुसली, मग डोळे. "पर पोरीनं चांगलं बांधलं व्हतं."

त्यानंतर ती अधूनमधून येते. मी चहा ठेवतो, टीव्ही लावतो, आणि पोरीचे खांदे हलायला लागले की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो.