भरलेला चेहरा

"तब्येत सुधारलीय हं तुझी," असं कुणी कौतुकानं म्हटलं की मला अजूनही धस्स होतं.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चाळीत राहायचो. वडील चादरीच्या मागावर कामाला होते. आईच्या आतड्याला जुन्या जखमा होत्या, सारखं रक्त पडायचं. त्यात संडास सगळ्या चाळीला मिळून एक. टमरेल घेऊन ती रांगेत उभी राहिली की मागच्या बाया कुजबुजायच्या. पेठेतले डॉक्टर मनानं चांगले, पण आवाज खणखणीत. "आज किती वेळा?" हे ते भरल्या दवाखान्यात विचारायचे. आई लाजून पदराआडून बोटं दाखवायची. एकदा दोन्ही हातांची सगळी बोटं वर आली.

मग त्यांनी नव्या गोळ्या सुरू केल्या. "या मी हळूहळू कमी करीन. तुम्ही मनानं बंद करायच्या नाहीत. एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल," असं आईवडिलांना बजावलं.

गोळ्या लागू पडल्या. रक्त थांबलं, आई पुन्हा भाकरी थापायला बसली. तिचे गाल वर आले, चेहरा गरगरीत झाला. ती गोळ्यांची सूज होती. डॉक्टरांनी तसं सांगितलंही, पण आमच्या चाळीत ते ऐकणार कोण? इतकी वर्षं हाडं मोजून घ्यावी अशी बाई गुबगुबीत दिसायला लागली होती.

"लई बाळसं धरलंस की गं!" शेजारणी चिडवायच्या. आई आरशात बघून हसायची. मलाही ती फार सुंदर वाटायची.

वडिलांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं. आई बरी व्हावी म्हणून तिनं देवीला ओटी बोलली होती. आईचा चेहरा बघितला आणि देवीनं ऐकलं, असं तिनं ठरवूनच टाकलं. खण-नारळ घेऊन आम्ही सगळे गेलो. आईनं ओटी भरली.

परतताना आत्या म्हणाली, "आता गोळी खाऊ नगं. ओटी भरल्यावर औषीद खाल्लं तर देवीला खोटं पाडल्यावानी हुतंय."

"व्हय, खरंच की," आई म्हणाली. वडील रिकामी पिशवी काखेत मारून पुढे चालत राहिले.

आत्याच्या मनात वाईट नव्हतं, असं म्हणायची रीत आहे. नव्हतंच. तरी माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही.

थोड्याच दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या. उठवेना, हातपाय गार पडले. डॉक्टर धावत घरी आले.

"गोळ्या कधी थांबवल्या?"

"ओटी भरली तवाच की," आत्यानं अभिमानानं सांगितलं.

डॉक्टर खाटेवर बसले आणि आईचा हात हातात धरून राहिले. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत आई गेली.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर एकच निघाला. आई बरी झाली म्हणून वडिलांनी त्याच दिवसांत तिला हौसेनं स्टुडिओत नेऊन काढवलेला. दर वर्षी मी त्याला हार घालते. माझी नातवंडं म्हणतात, पणजी किती गुटगुटीत होती! आजाराआधीची, नाहीतर आजारातली वाळलेली, कसलीही चालेल, पण माझी आई आठवावी म्हणून मी डोळे मिटते. समोर तोच सुजलेला चेहरा येतो, आणि तो हसत असतो.