टोप्या घातलेली फुलं

साहेबाच्या फुलाईची मी एवढी काळजी घेतली, का एकालेही शेंग धरली नाही.

तवा दूरदेशी गोऱ्याईची लढाई लागली होती आन् वऱ्हाडातल्या कापसाले भाव चढला होता. माहे सासरे मूर्तिजापूरचे मोठे कास्तकार. मी मात्र अमरावतीत एका कापूस-खरेदीवाल्या साहेबाच्या बंगल्यावर माळी. आंब्याच्या खोडावर वाढते त्या फुलाचा साहेबाले भलता नाद! (तो म्हणे ऑर्किड, आमी म्हणो बांडगूळ.)

साहेब म्हणाला, "दसऱ्यापर्यंत शेंग दाखव, तुले मोठा माळी करतो."

हे ऐकून सासरे हसले. "नाही धरली तं या माह्या वावरात कापूस वेचाले, जवाईबापू!"

म्हणजे घरजवाई! मी आंब्याखालीच खाट टाकली.

उन्हाळ्यात फुलं आली. पायतो तं एक माशी फुलातून निघाली, कपाळाले दोन पिवळे दाणे चिकटलेले! चोर, तोही मुद्देमालासकट! मी घरातलं लुगडं फाडलं (जुनं होतं, अशी माही समजूत) आन् एकूण एक फुलाले टोपी घातली.

"अवो, हे काय करून राह्यले? लग्नातलं लुगडं होतं ते!" बायको किंचाळली.

"चूप! फुलं कशी टवटवीत हायेत ते पाय!"

खरंच, महिना झाला तरी एक फूल कोमेजलं नाही. मी मिशीले पीळ देत फिरत होतो.

तेवढ्यात सासरे पाहुणे आले. चिलमीले गुंडाळाचं फडकं हरपलं, म्हणून म्हाताऱ्यानं माह्या एका फुलाची टोपीच काढून घेतली! चार दिवसात ते फूल मान टाकून बसलं.

"मामाजी, सत्यानाश केला तुमी!" मी बोंबललो.

दसऱ्याले पायतो तं माही टवटवीत फुलं सारी गळालेली. आन् त्या उघड्या फुलाच्या जागी बोटभर शेंग! माशी बंगल्याबाहेरच्या आंब्यावरल्या फुलाचे दाणे आणून इथल्या फुलात चिकटवते, तवाच शेंग धरते, हे साहेबानं मले तवा सांगितलं. म्हणजे मी चोर म्हणून हाकलले ते लगन लावणारे भटजी होते!

"ही टोपी कोणी काढली?" साहेबानं विचारलं.

'मीच' म्हणासाठी मी तोंड उघडलं. पण बायको लुगडं इसरली नव्हती.

"माह्या बाबानं!"

झालं! सासरे बंगल्यावर मोठे माळी झाले आन् मी मूर्तिजापुरात त्याईचा कापूस वेचून राह्यलो. बायको नवं लुगडं नेसून रोज दुपारी बांधावर येते आन् साऱ्या वावराले ऐकू जाईल असं ओरडते, "अवो, ऊन लागते, टोपी घाला!"